पळसडोहचं कार्ड

सोमवार, ६ एप्रिल १९८७

मशीन चालू होऊन आज तीन आठवडे. दोन टर्मिनल. एकावर शोभा, एकावर मधुकर, मी दोघांच्या खुर्च्यांमधून येरझारा. दिवसभरात एकदाही बंद पडलं नाही. साहेब दोनदा डोकावून गेले. खूश.

बोरकर काका मात्र आपल्या गावकार्डांच्या खोक्यांपाशीच. बावीस वर्षं संस्थेची ही कार्डं त्यांनी सांभाळली. एक गाव, एक कार्ड. शाळा, रस्ता, दवाखाना, विहिरी, मुक्कामाची सोय. मास्तर, नर्स, ग्रामसेवक, कोणीही पोस्टकार्डावर दुरुस्ती कळवायची, आणि इथे ज्याच्या हाती ते पडेल त्याने ती करायची, ही जुनी रीत. काका जुन्या ओळीवर एकच रेघ ओढतात, खाली नवी ओळ लिहितात, बाजूला सही-तारीख. काही कार्डांना मागे तीन-तीन चिठ्ठ्या डकवलेल्या. वाचताना जीव जातो.

मी म्हटलं, मशीनमध्ये फक्त ताजं दिसणार. स्वच्छ.

काका : "अन् आधीचं कुठं जाते?"

"जात नाही काका, बदलते."

"बदलते म्हणजे गेलंच ना वं पोरी."

हसण्यावारी नेलं.

गुरु. ९ एप्रिल

डिस्कचा हिशेब पुन्हा मांडला. वीस मेगाबाइट, त्यात मशीनचं स्वतःचं सामानच केवढं. सगळ्या गावांची कार्डं बसतात, वर थोडी जागा उरते. जुन्या नोंदी ठेवायच्या तर अंदाज येत नाही. साहेबांना विचारलं. "मिस मेश्राम, मला वेग पाहिजे, इतिहास नको." बरं वाटलं. एक गाव, एक रेकॉर्ड. ठरलं.

१५ जूनला दिल्लीची मंडळी पाहायला येणार. त्यांना पटलं तर सगळ्या जिल्ह्यांना असं मशीन. नोकरीत कायम होण्याआधीची माझी उमेदवारीची मुदतही जूनमध्येच संपते. साहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या. मुद्दामच असेल.

मंगळ. १४ एप्रिल

सुट्टी. वस्तीत पहाटेपासून भोंगे, निळे झेंडे. बाबा नवा पांढरा सदरा घालून दारात. येईल त्याला सांगतात, "माह्या पोरीनं कंप्युटर बसवला." मी म्हटलं, बसवला नाही बाबा, कामाला लावला. "एकच गोष्ट," म्हणाले. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर. बसवणं आणि कामाला लावणं त्यांच्या तोंडी एकच गोष्ट कशी? पण चेहरा फार फुलला होता.

सोम. २७ एप्रिल

ऊन नाही, आग. कूलर मशीनच्या खोलीत. आम्ही मशीनमुळे गारव्यात.

दुष्काळी कामाच्या ऑफिसातून माणूस आला. मजुरांचे तळ पडणार आहेत, कुठल्या गावात पिण्यालायक विहीर आहे त्याची यादी हवी. काका अशी यादी हाताने उतरवायचे, आठ दिवस लागत. मशीनने चाळीस मिनिटांत छापून दिली. साहेबांनी तीन ठिकाणी फोन करून सांगितलं. मलाही आतून गुदगुल्या. काका यादीवर बोट फिरवत राहिले.

मंगळ. ५ मे

गठ्ठाभर पोस्टकार्डं. सकाळी साडेअकराच्या सुमारास मधुकरला घरून फोन आला, टर्मिनल तसंच सोडून अर्धा तास गायब. बोलले त्याला. म्हणाला आजीले दवाखान्यात नेलं मॅडम. मग वाईट वाटलं.

शोभा टाइप करताना गावाचं नाव मोठ्याने वाचते, त्याने मधुकर वैतागतो. ती म्हणते, "तोंडातून गेलं की बोटातून चुकत नाही." असेलही.

शुक्र. ८ मे

पाण्याची दुसरी यादी छापून गेली. नवे तळ.

मंगळ. १९ मे

दुष्काळी ऑफिसचा तोच माणूस. हातात आमची ८ तारखेची यादी, घामाने भिजलेली. पळसडोहला तळ पडला होता. आमच्या यादीत विहीर पिण्यालायक. चार दिवसांपासून उलट्या-जुलाब, तीसेक माणसं आडवी. काल एक बाई गेली. अंजनाबाई. परजिल्ह्यातून नवऱ्यासोबत खडी फोडायला आलेली.

साहेबांनी दार लावून घेतलं. मी बाहेर. छापखान्यासारखा प्रिंटर चालू होता, तो बंद केला.

बुध. २० मे

पळसडोहच्या सिस्टरचा ट्रंककॉल. कुसुम नाव. मीच घेतला.

"मी तर कार्ड टाकलं होतं ना बाई. विहिरीत गुरांच्या डोहाचं पाणी झिरपते, कोणी पिऊ नका म्हणून. तुमची पोच आली मले, 'नोंद केली' म्हणून. ५ तारीख आहे त्याच्यावर."

पोचेवर सही शोभाची. मशीनमध्ये कार्ड काढलं. पळसडोह. पिण्यालायक विहीर : होय.

साहेबांनी शोभाला बोलावलं, मलाही.

"तुम्ही नोंद न करताच पोच पाठवली."

"केली होती साहेब. 'नाही' टाइप केलं. दोनदा पाह्यलं."

"मग मशीनने 'नाही'चं 'होय' केलं?" माझ्याकडे वळून : "मशीन असं करू शकतं का?"

मी म्हटलं, आपोआप नाही करत.

शोभा माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं.

गुरु. २१ मे

बाहेर नळावर शोभा भेटली. तोंड धूत होती. रडली होती की काय. साधं म्हणाली, "तुमचं मशीन खोटं नाही बोलत म्हणता. मंग मी बोलून राहिली का?"

ती सहा महिन्यांच्या हंगामी ऑर्डरवर. मधुकर कायम. मी अधलीमधली.

डबा तसाच परत आणला.

शुक्र. २२ मे

सापडलं.

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही टर्मिनल मोकळी. एक खोटं गाव घातलं. पहिल्यावर उघडलं, दुसऱ्यावरही तेच उघडलं. दुसऱ्यावर विहीर 'नाही' केली, सेव्ह. मग पहिल्यावर नुसतं मास्तरचं नाव बदललं, सेव्ह. कार्ड पुन्हा काढलं. मास्तर नवा. विहीर : होय.

कार्ड उघडलं की अख्खं कार्ड टर्मिनलवर येतं. सेव्ह केलं की अख्खं कार्ड परत जातं. मध्ये दुसऱ्याने काय बदललं ते कोणी विचारतच नाही. मी विचारायला लावलंच नाही. शेवटी जो सेव्ह करेल त्याचं खरं. आधीचं गडप, आवाज न होता.

तीनदा करून पाहिलं. तिन्हीदा तेच.

बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय.

शनि. २३ मे

ही वही चाळली. ५ मे. मधुकरचा फोन इथे माझ्याच अक्षरात.

त्याला जिन्यात गाठलं. त्या दिवशी फोनवर जाताना कुठलं गाव उघडं होतं?

आठवून पाहिलं. मग, "मास्तरची बदली होती एक. पळसडोहच असन. परत येऊन नाव टाकलं अन् सेव्ह केलं."

कार्डावर मास्तर नवाच आहे. म्हणजे त्याचं सेव्ह शेवटचं.

"मॅडम, मले काहून ओढता यात? मी तर नाव बदललं फक्त."

"तुझी चूक नाही. शोभाचीही नाही. माझी आहे."

"तुमची म्हणता, पण नाव तर माह्यंच घेतीन ना सारे."

त्याच्या आजीचं विचारायचं राहून गेलं.

रवि. २४ मे

आई : "काहून वं, जेवून नाही राहिली दोन दिवसांपासून?"

बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं बाबा म्हणतील, जा आणि सांगून टाक. वर्कशॉपात एकदा दुसऱ्याच्या वाट्याचा दोष आपल्या अंगावर घेतल्याची गोष्ट त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलेली. पण खाटेवर बसून पंख्याकडे बघत राहिले.

"पंधरा जूनपर्यंत थांबता नाही येत का?"

आई त्यांच्याकडे बघायला लागली. मग म्हणाले, "मी उगीच म्हटलं. तुले समजते." उठून बाहेर गेले.

त्यांच्यावर राग नाही आला. मीही गेले दोन दिवस तोच हिशेब करत होते.

सोम. २५ मे

साहेबांना सांगितलं. टर्मिनलवर करून दाखवलं. माणूस हुशार आहे, एकदाच पाहून समजला. खुर्चीत मागे रेलले.

"त्या दिवशी नेमकं हेच झालं, हे सिद्ध होतं?"

"नाही. जुनं काही ठेवलेलंच नाही."

"मग जे सिद्ध होत नाही ते लिहून कशाला द्यायचं? दुरुस्त करा. शांतपणे. चौकशीवाल्यांना मी सांगीन, टायपिस्टकडून राहून गेलं. ती तशीही हंगामी आहे."

मी म्हटलं, ती निर्दोष आहे.

"आणि तुम्ही? इतक्या शिकलेल्या, तुमच्या घरातल्या पहिल्या. १५ जूनला तुमचं कायमचं पत्र मी स्वतः देणार आहे. एका बाईच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरसाठी हे सगळं…"

वाक्य पुरं केलं नाही. मीही नाही केलं.

शोभाला १ जूनपासून येऊ नका म्हणून तोंडी सांगितलं गेलं. आजपासूनच आली नाही तरी चालेल, असंही.

मंगळ. २६ मे

काम हेच उत्तर, असं स्वतःला समजावून दिवसभर कागदावर रेघोट्या.

एक फाइल गावांची, तिच्यात फक्त एवढंच : या गावाची सध्याची नोंद कितवी. दुसरी फाइल नोंदींची. बदल आला की शेवटाला नवी नोंद जोडायची. खोडायचं काही नाही. प्रत्येक नोंदीत कोणी, कधी, कोणाच्या पत्रावरून, आणि तिच्या आधीची नोंद कितवी. सेव्ह करताना विचारायचं : तू उघडलीस तेव्हाची नोंद अजून तीच आहे का? नसेल तर थांब, दोन्ही दाखव, माणसाने ठरवावं.

कोड अवघड नाही. अडलं ते जागेवर. एक कार्ड वर्षात किती वेळा बदलतं? मला माहीत नाही. दोन वेळा की वीस?

बोरकर काकांकडे गेले. मागच्या गोदामात, खोक्यांमध्ये पंचा ओला करून डोक्यावर. विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "मास्तर वर्षातून एकदा. रस्ता पावसाळ्याआधी अन् नंतर. दवाखाना क्वचित. विहिरी मात्र एप्रिल-मे मंधी दोनदा-तीनदा, ते धरून चाल. डोहाकाठच्या गावाले जास्त."

आणि एक कार्ड काढून दिलं. बावीस वर्षांचं. मागच्या चिठ्ठ्या धरून मोजलं, एकशे एकोणीस ओळी. काकांचा अंदाज घेऊन हिशेब मांडला तर पाच वर्षं जागा पुरते. पाच वर्षं! हे मी एप्रिलमध्ये विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

काका म्हणाले नाहीत, मी सांगितलं होतं. ते म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

गुरु. २८ मे

सकाळी बसमध्ये एकदम लक्षात आलं, सीट सोडून उभीच राहिले.

पळसडोह एकटंच कशावरून? मार्चपासून दोघं रोज त्याच फाइलवर. आणखी किती कार्डं अशी गिळली गेली, कोणाला माहीत. त्यात एखादी विहीर असेल तर? ८ तारखेची यादी अजून तळातळांवर फिरतेय.

तपासायचा मार्ग एकच. पोस्टकार्डं. काकांनी फेकू दिली नाहीत, दोन पोती भरून आहेत. एकेक वाचायचं, मशीनमधल्या कार्डाशी ताडून बघायचं.

साहेब : "पंधरा तारखेनंतर."

"तोवर लोक पाणी पितात, साहेब."

"तुम्ही घाबरून गेल्या आहात. रजा घ्या दोन दिवस."

शनि. ३० मे

इतवारीत शोभाचं घर शोधलं. भांड्यांच्या गल्लीत, ठोक्यांच्या आवाजात, वरच्या मजल्यावर. नवरा खाली दुकानात कामाला. तिने बसायला सांगितलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मशीनमध्ये काय झालं, कोणाची चूक, त्या दिवशी साहेबांसमोर मी काय बोलले नाही.

ऐकून घेतलं. खालून पितळेवर हातोडी, ठण ठण.

"दहा दिवस मी डोक्यात घेऊन होती ते, मॅडम. वाटे, आपणच विसरलो असन. झोपेत बी गावाचं नाव वाचू. बाई मेली तिकडं. मले वाटे, मीच मारली."



मग पोत्यांचं सांगितलं. उद्या रविवार, काकांकडे किल्ली आहे, दोघांना जमणार नाही, तिसरं माणूस पाहिजे.

"मले काढलं अन् मीच येऊ?"

"हो."

"तुमच्यासाठी नाही येत," म्हणाली. "किती वाजता?"

रवि. ३१ मे

सकाळी आठपासून. काका पोस्टकार्ड काढून देतात, शोभा मोठ्याने वाचते, मी मशीनमधली छापील यादी बघते. मधुकरला कळवलं नव्हतं, तरी अकराला आला. काकांनी सांगितलं असणार. गुपचूप दुसरं पोतं घेऊन बसला.

दुपारपर्यंत चार निघाली. दोन मास्तर, एक बसची वेळ, एक वाहून गेलेला पूल. विहीर एकही नाही.

साडेतीनला शोभाने वाचलं, "मोहटोला. विहिरीत औषध फवारायचा डबा पडला, पाणी पिऊ नये." आणि थांबली.

माझ्या कागदावर : मोहटोला. होय.

काका : "मोहटोल्याले तळ आहे का कोणाचा?"

कोणालाच माहीत नाही. दुष्काळी ऑफिस रविवारी बंद. मधुकर सायकल घेऊन तिथल्या कारकुनाच्या घरी गेला. घरी कुलूप, लग्नाला गेलेला. मोहटोल्याच्या पोस्टाला तार ठोकली, पण रविवारी तिकडे वाचणार कोण.

सोम. १ जून

ऑफिस उघडायच्या आधी शोभा आणि मी दुष्काळी ऑफिसच्या पायरीवर. कारकुनाने रजिस्टर उघडलं. मोहटोला, तळ शुक्रवारपासून. अठ्ठेचाळीस माणसं.

"पण तुमच्या यादीत तर होय आहे मॅडम."

"यादी चुकीची आहे."

"मशीनची यादी?"

"मी बनवलेली. चूक माझी आहे. गाडी द्या."

पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. वाटलं तसं काही झालं नाही. कारकून उठला, आत गेला, त्यांच्या साहेबाला घेऊन आला. जीप मिळाली.

अडीच तास. मोहटोल्याला पोचलो तर विहिरीवर बायांची रांग, दोर-बादली चालू. शोभा जीप थांबायच्या आतच उतरून धावली, "बाया हो, पाणी नोका घेऊ!" मुकादम अंगावर आला, मंग प्यायचं काय, तुमचं रक्त? टँकर संध्याकाळी येईल म्हटलं. तोवर माणसं तशीच उन्हात बसली. एकेकीने डोक्यावरचा पाण्याचा गुंड ओतून रिकामा केला. जमीन इतकी तापलेली की पाणी दिसायच्या आत नाहीसं.

दोघातिघांचं पोट दुखत होतं, जीपने त्यांना दवाखान्यात नेलं. एक म्हातारी माझा हात धरून, "अन् तीन दिवसांपासून पेलो, त्याचं काय होईन वं बाई?"

डॉक्टर येतील म्हटलं. दुसरं काही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये शोभा खांद्याशी डोकं टेकून झोपली. माझा खांदा, तिच्या लक्षात नसावं.

मंगळ. २ जून

लेखी दिलं. दीड पान. काय झालं, कसं झालं, माझ्या कुठल्या निर्णयामुळे. सिद्ध करता येत नाही हेही लिहिलं, आणि काय काय त्याच्याशी जुळतं तेही. ५ मेचं पान या वहीतून उतरवून जोडलं. एक प्रत साहेबांना, एक चौकशी अधिकाऱ्यांना.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. ओरडतील वाटलं होतं. "तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलं," एवढंच. आवाज थकलेला. हे मशीन आणायला त्यांनी चार वर्षं खेटे घातले, तेही खरं आहे.

चार वाजता मधुकर आला. अर्धं पान, त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. फोन, आजी, पळसडोह, सेव्ह. खाली सही. "लावा तुमच्याले," म्हणाला. आजी बरी आहे. आज विचारलं.

घरी सांगितलं. बाबांनी दीड पानाची माझी प्रत मागितली. चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. परत दिली नाही.

सोम. ८ जून

नवी रचना चालू. मुद्दाम दोन्ही टर्मिनलवर एकच गाव उघडलं. पहिल्याने सेव्ह केलं. दुसऱ्याला मशीन म्हणालं, थांबा, मध्ये कोणीतरी बदल केला आहे. मधुकरने टाळी वाजवली. काकांनी पडद्याजवळ नाक नेऊन वाचलं. "हे कागद नव्हता म्हणत," म्हणाले. "कागद बिचारा एकाच्याच हातात राहे."

साहेबांनी नवीन मागणी काढली. संस्थाप्रमुखाला एखादी नोंद कायमची काढून टाकता यावी, अशी सोय. "गैरसोयीचं काही असेल तर."

नाही केली. केली नाही असं सांगितलंही.

मोहटोल्याचे सगळे ठीक. पळसडोहला अजून दोघे दवाखान्यात.

सोम. १५ जून

दिल्लीची मंडळी आली. तिघे. त्यातल्या एकाने विचारलं, जुन्या नोंदी का ठेवता, जागा वाया जाते. मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "ही आमच्या संस्थेची बावीस वर्षांची परंपरा आहे." काकांनी खोकल्याचं निमित्त करून बाहेरचा रस्ता धरला. व्हरांड्यात हसत होते.

चौकशीचं मी स्वतः सांगितलं, जाता जाता. पळसडोह काढून दाखवलं, ८ जूनच्या आधीच्या नोंदींची जागा कोरी आहे हेही. तिघांपैकी एक बाई होत्या, त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

पत्र आलं नाही. मुदत एक महिना वाढवली, चौकशी संपेपर्यंत. शोभाचं अजून काही नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी तिला २९ तारखेला बोलावलंय, मला ३० ला.

शुक्र. १९ जून

दुपारी एक बाई दारात. पांढरी साडी, पायात रबरी चपला, धुळीने भरलेल्या. "मी पळसडोहची कुसुम सिस्टर. पोचेवर भरवसा नाही राह्यला, म्हणून स्वतः पाहाले आली."

स्टूल दिलं. कार्ड काढलं. पिण्यालायक विहीर : नाही. खाली तिचं नाव, तारीख. तिने बोट पडद्याला टेकवून अक्षर अक्षर वाचलं. इंग्रजी अक्षरांत आपलं गाव कसं दिसतं ते बघून थोडी हसली. मग आधीच्या नोंदी यापुढे कशा दिसतील ते दाखवलं. मान हलवत राहिली.

"अन् अंजनाबाई कुठं लिहिली?"

मी पळसडोहचं कार्ड पुन्हा वरपासून पाहिलं.

"तिचा नवरा परत गेला गावाले. इथं तिचं कोणी नाही. विहिरीचं लिहिलं, मास्तरचं लिहिलं, माह्यं बी नाव आलं. तिचं नाही कुठं?"

"रकाना नाही सिस्टर. कार्डावर विहीर, शाळा, रस्ता… माणूस कुठे लिहायचा ते…"

"काकाच्या जुन्या कार्डावर बी नव्हता का?"

काका गोदामातून आले होते, दारात उभे. "नव्हता," म्हणाले.

सिस्टर पाणी प्यायली, पेला धुऊन पालथा ठेवला आणि साडेचारची बस म्हणून निघाली. जाताना म्हणाली, "तुमचं तुम्ही पाहा. मी आपलं विचारलं."

मधुकर टाइप करायचा थांबला होता. माझ्या पडद्यावर पळसडोह तसंच उघडं, अंजनाबाईला रकाना नसलेलं. मी ते बंद केलं नाही.